मसाई पठार, पन्हाळा, जोतिबा: वाटाड्या घेऊन डोंगरगावांचा दिवस कसा लावायचा

पाऊस उघडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "रविवारी येतोय. एका दिवसात जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार करायचंय. तिथला कुणी माहितगार माणूस मिळतो का बघ." या एवढ्याशा बोलण्यात तीन चुका आहेत. पहिली रविवारची. दुसरी क्रमाची, कारण तिन्ही ठिकाणं ज्या क्रमाने तोंडात येतात तो क्रम दिवसभर आडवा येतो. आणि तिसरी, माहितगार माणूस शनिवारी रात्री शोधायची.

कोल्हापूरच्या वायव्येला पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत ही सगळी डोंगरगावं आहेत, त्यामुळे सगळ्यांना वाटतं, यात ठरवायचं काय? गाडी काढायची आणि निघायचं. तसं निघालात तर पार्किंग, पायऱ्या आणि कणसांच्या गाड्या बघून परत याल. गावं बघायची असतील तर दिवस गावाच्या घड्याळावर लावावा लागतो. या भागात पहाटे धारा निघतात, सात-साडेसातपर्यंत डेअरीला दूध जातं, दहापर्यंत चुलीवरच्या भाकऱ्या होतात, अकराला घरातली माणसं रानात जातात आणि संध्याकाळी पुन्हा धारा. यात पाहुण्याला जागा कुठे मिळते ते आधी ओळखा, मग आपल्या वेळा ठरवा.

हा लेख चौघांपासून दहा-बारा जणांपर्यंतच्या गटासाठी आहे. पन्नास जणांची बस घेऊन हा बेत करू नका. मसाई पठाराजवळच्या म्हाळुंगे गावाचा रस्ता आणि तिथली घरं, दोन्हींना ते झेपत नाही.

१. दिवस निवडा, आणि तो रविवार नको

रविवार जोतिबाचा वार. जोतिबाच्या डोंगरावरच्या वाडी रत्नागिरी गावात त्या दिवशी गाडी लावण्यातच तास जातो, आणि पन्हाळ्यावरही सुट्टीची गर्दी असते. मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस घ्या. तो घेतानाही कॅलेंडरवर एवढ्या गोष्टी बघा:

- चैत्र पौर्णिमेच्या आसपासचा आठवडा. जोतिबाची मोठी यात्रा तेव्हाच असते, सासनकाठ्या (देवापुढे नाचवायच्या उंच काठ्या) येतात, रस्ते वळवलेले असतात. यात्रेला जायचं तर यात्रेलाच जा, त्यात गावं बघायचा बेत कोंबू नका.
- माघातले रविवार. कोल्हापुरातून लोक खेट्यांना, म्हणजे जोतिबाच्या वाऱ्यांना, पायी जातात, पहाटेपासून रस्ता माणसांनी भरलेला असतो.
- श्रावण षष्ठी, नवरात्र आणि कोणतीही पौर्णिमा.
- जुलैचा मध्य. पन्हाळा ते पावनखिंड चालणारे मोठमोठे गट याच म्हाळुंगे-मसाई वाटेने जातात.

हंगामाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत सोपा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर फुलं असतात: सीतेची आसवं, सोनकी, कवला, गेंद. पण तेव्हा धुक्याची आणि पावसाची तयारी ठेवूनच जायचं. जून-जुलैच्या झडीत मसाईवर दहा पावलांपुढचं दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये जाता येतं, पण सकाळी साडेनऊच्या आत पठार सोडायचं असेल तरच. दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. जुलैत रोपलावण आणि दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी-मळणी. त्या दिवसांत वाटाड्या "येतो" म्हणाला तरी त्याचं मन रानात असतं, आणि ते असणारच. त्या आठ-दहा दिवसांत त्याला बोलावू नये असं माझं मत आहे.

२. वाटाड्या किमान चार दिवस आधी ठरवा

इथे दोन वेगळी माणसं लागतात. सगळ्यांत जास्त गोंधळ याच मुद्द्यावर होतो. पन्हाळ्यावर माहिती सांगणारे गाइड गडावरच भेटतात, त्यांचं क्षेत्र गडापुरतं. मसाई पठार आणि खालच्या वाड्यांसाठी म्हाळुंगे किंवा आसपासच्या वाडीतलाच माणूस हवा. पठारावर जनावरं नेणारा, धुक्यात पायाखालच्या दगडावरून कुठे आलो ते सांगणारा. गडावरच्या गाइडला "मसाईला पण चला" म्हणून गाडीत घालणं ही चूक. तो येईलही, पण वाडीत त्याला दार उघडेलच असं नाही.

असा माणूस शोधायचा कसा? ग्रामपंचायतीत विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. सगळ्यांत खात्रीचं ठिकाण म्हणजे दूध डेअरी. तिथल्या सचिवाला गावातला प्रत्येक माणूस माहीत असतो, कोण मोकळा आहे आणि कोणाला चार पैसे मिळाले तर बरं हेही माहीत असतं. फोन मात्र दुपारी बारा ते चार किंवा रात्री आठनंतर करा. सकाळी सहा-सात आणि संध्याकाळी सहा-सात या वेळेला फोन केलात तर उत्तर घाईत मिळतं, आणि घाईतलं "व्हय व्हय, या की" म्हणजे होकार धरू नका.

फोनवर एवढं स्पष्ट विचारा आणि सांगा:

- किती माणसं, त्यांत लहान मुलं आणि साठीच्या पुढचे किती.
- किती वेळ चालायचं आहे. "थोडं फिरायचंय" असं सांगू नका, "अडीच तास" असं सांगा.
- पैसे किती, आणि ते माणशी की पूर्ण गटाचे. ठरलेला आकडा फोन ठेवण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणा.
- तो आपल्यासोबत पन्हाळ्यापर्यंत येणार का. येणार असेल तर त्याला परत गावात कसं सोडायचं.
- वाटेत कोणाच्या रानातून जावं लागतं का, आणि त्यांना सांगितलंय का.

घासाघीस करू नका. हा माणूस तुमच्यासाठी अर्ध्या दिवसाचा रोजगार सोडून येतो. त्यात तुम्ही थांबाल तिथे थांबतो, विचाराल त्याचं उत्तर देतो.

*तपासा: आदल्या दिवशी दुपारी त्याला पुन्हा फोन करा. पाहुणे निघाले आणि वाटाड्या नात्यातल्या कार्याला गेलेला, असं माझ्याबाबतीत घडलं आहे, कारण मी चार दिवसांपूर्वीच्या होकारावर निर्धास्त राहिलो. आता दुसऱ्या फोनशिवाय मी गाडी काढत नाही.*

३. जेवण दुपारी दीडला मागू नका

शहरातला माणूस दीडला जेवतो, म्हणून तो गावातही दीडला जेवण मागतो. पण त्या वेळी घरातली बाई रानात असते. तुमच्यासाठी तिला काम सोडून परत यावं लागतं, चूल पुन्हा पेटवावी लागते. जेवण सकाळी दहा-साडेदहाला ठेवा. घरच्यांसाठी भाकऱ्या पडतच असतात, त्यात तुमच्या पडतात. ताज्या, तव्यावरून थेट ताटात.

काय मागायचं? झुणका, भाकरी, खर्डा, दही, कांदा. रानात असेल ती भाजी. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा मागू नका. एक तर त्याला सकाळची वेळ नव्हे. दुसरं, आपण संध्याकाळी जोतिबाला जाणार आहोत आणि बरेच जण दर्शनाआधी मांसाहार करत नाहीत. तो रात्री कोल्हापुरात आहेच.

माणसांचा आकडा आदल्या संध्याकाळपर्यंत पक्का सांगा. "आठ-दहा जण" म्हणजे तिने दहाचं पीठ मळायचं आणि तुम्ही सहा जण जायचं. ताटाचा दर ठरवा, पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या, आणि आयत्या वेळी बेत मोडला तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे पोहोचवा.

४. गाडी, रोकड, सामान

मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्याला आणि जोतिबाला एसटी आहे, पण या क्रमाने आणि या वेळांना एसटीवर दिवस बसत नाही. स्वतःची गाडी किंवा भाड्याची जीप घ्या. डिझेल-पेट्रोल कोल्हापुरातच भरा.

नकाशात ठिकाण टाकताना दोनदा बघा. जोतिबाच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी. नुसतं 'रत्नागिरी' टाकलं तर मोबाइल तुम्हाला आंबा घाटाखाली समुद्राकडे घेऊन निघतो, आणि रस्ता सुरुवातीला तोच असल्यामुळे चूक लवकर कळतही नाही. म्हाळुंगे नावाचीही एकाहून जास्त गावं आहेत. 'पन्हाळा तालुका' बघूनच खूण लावा. वाटाड्याकडून व्हॉट्सॲपवर जागा मागवून घेतली तर सगळ्यांत उत्तम.

पिशवीत काय असावं:

- माणशी दोन लिटर पाणी. पठारावर पाण्यावर भरवसा ठेवू नये.
- तळाला खाचा असलेले बूट. जांभा दगड कोरडा असताना पाय धरतो, शेवाळ चढलं की तोच दगड पाय सोडतो.
- पावसाळ्यात रेनकोट. वाऱ्यात छत्री उलटी होते आणि विजांच्या वेळी ती हातात नकोच.
- सुट्ट्या नोटा. रेंज येते-जाते, मोबाइलवरून पैसे जातीलच असं नाही.
- जोतिबासाठी जुने कपडे, किंवा निदान वरून घालायला एक जुना शर्ट. गुलाल धुतल्याने जात नाही. कॅमेरा आणि मोबाइलसाठी प्लॅस्टिकची पिशवी.
- कचरा परत आणायला एक मोठी पिशवी.

*आदल्या रात्री तपासा: वाटाड्याचा दुसरा फोन झाला? ताटांचा आकडा सांगितला? टाकी भरली? रत्नागिरी रस्त्यावर चौपदरीकरणाच्या कामामुळे कुठे वळण दिलंय का, ते त्या बाजूच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारलं?*

५. पहाटे सहा: कोल्हापूर ते म्हाळुंगे, वाटेत न थांबता

आता क्रम. बहुतेक जण आधी जोतिबा, मग पन्हाळा, शेवटी मसाई असं करतात. कारण समजण्यासारखं आहे: आधी देव. पण तसं केलं की दर्शनाला दहा वाजतात, पन्हाळ्यावर भर दुपारी पोहोचतो आणि मसाईवर पाच वाजता. म्हणजे सावली नसलेली, धुकं-वीज-अंधार या तिन्हींची भीती असलेली जागा दिवसाच्या शेवटी, सगळे थकलेले असताना. मी एकदा पुण्याच्या पाहुण्यांना याच क्रमाने नेलं. पावणेसहाला पठारावर ढग उतरला आणि गाडी कुठल्या बाजूला लावली तेच कळेना. अर्धा तास आम्ही एकमेकांचे हात धरून उभे होतो. एक गुराखी आवाजावरून आमच्यापर्यंत आला म्हणून सुटलो. त्या दिवसापासून क्रम उलटा केला: सगळ्यांत लांबचं आणि उघड्यावरचं सकाळी, मग घराकडे सरकत यायचं.

शिवाजी पुलावरून सहाला निघा. केर्लीला जोतिबाचा फाटा लागतो, तिथे वळू नका. वाघबीळपाशी रत्नागिरी रस्ता सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागा. देवाला टाळून पुढे गेल्यासारखं वाटत असेल तर उजवीकडच्या डोंगराकडे बघून गाडीतूनच "चांगभलं" म्हणा, संध्याकाळी पायाशी जायचंच आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हा क्रम एवढ्यावर पटला.

पन्हाळ्यात शिरू नका. गडाच्या पायथ्याच्या बुधवार पेठेच्या बाजूने म्हाळुंग्याचा रस्ता धरा. धुकं असेल तर दिवे खाली पाडून चालवा. मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. वळणावर हॉर्न द्या, कारण दूध घेऊन निघालेल्या मोटरसायकली याच वेळी खाली येत असतात.

सावधान: अतिवृष्टीनंतरच्या आठवड्यात हा सगळा बेत पुढे ढकला. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर चढणारा मुख्य रस्ताच खचला आणि पुढे कित्येक महिने गाड्यांना बंद होता. डोंगर पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावरही सरकतो.

६. साडेसात ते दहा: मसाई पठार

वाटाड्या साडेसातच्या आधी येणार नाही. आधी दूध डेअरीला जाईल, मग तो. तुम्ही सव्वासातला पोहोचलात तर डेअरीपाशीच थांबा. किटल्या घेऊन येणारी माणसं, फॅट लावायचं यंत्र, वहीतल्या नोंदी. गावाची सकाळ यापेक्षा नीट कुठे दिसणार नाही. फक्त रांगेच्या मध्ये उभे राहू नका.

गाडी वाटाड्या सांगेल तिथे, पठाराच्या कडेला ठेवा. आत घालू नका. मसाई पठार २०२२ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं आहे. पण नियम नसता तरी हेच सांगितलं असतं. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. एका टायरखाली त्या वर्षीची फुलं जातात, आणि चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहून उरलेली मातीही नेतं. चालतानाही मळलेल्या पायवाटेवर, एकामागे एक. फोटोसाठी फुलांच्या गालिच्यात बसायचं नाही. आपल्या मुलांना हे निघण्याआधीच सांगा, तिथे गेल्यावर ओरडण्यात अर्थ नसतो.

चालायचं असं: आधी मसाईदेवीच्या देवळापर्यंत. बाहेर चपला काढून दर्शन. मग वाटाड्याला सांगून एका बाजूची कड. सगळं पठार पायाखाली घालायचा हट्ट नको. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर असं ते पसरत जातं, आणि जेवढं पुढे जाल तेवढंच परत यायचं असतं. पावणेनऊला, कुठेही असाल तिथून, परत फिरा. कडेखाली पांडवदऱ्याची लेणी आहेत. वाट ओली नसेल आणि गटातले सगळे नीट चालणारे असतील तरच वाटाड्याला तिकडचं विचारा. तो नको म्हणाला तर विषय संपला.

धुकं उतरलं तर ही पायरी लक्षात ठेवा. आहात तिथेच थांबा. माणसं मोजा. वाटाड्या पुढे, गटातला सगळ्यांत भक्कम माणूस मागे, आणि प्रत्येकाने पुढच्याची पाठ दिसेल एवढ्याच अंतरावर चालायचं. "गाडी तिकडेच होती" असं म्हणून कोणी एकट्याने निघायचं नाही. पठार सपाट आहे, पण ते संपतं तिथे कडा आहे.

गडगडाट ऐकू आला तर फोटो, फुलं, सगळं सोडून खाली उतरायला लागा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. सपाट माळावर आपणच सगळ्यांत उंच असतो.

*तपासा: पठार सोडताना माणसं मोजा, पाण्याच्या बाटल्या मोजा. नेल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत.*

७. दहा ते सव्वाअकरा: गावात जेवण

इथे घाई नको. गावात शिरताना वाटाड्या पुढे, आपण मागे. तो ज्याला नमस्कार करेल त्याला आपणही करायचा. वयाने मोठ्या बाईला मावशी, मोठ्या माणसाला मामा किंवा तात्या म्हटलं की बोलणं सुरू होतं. "इथले लोकल लोक" असं त्यांच्यासमोर एकमेकांत बोलू नका. त्यांना ऐकू येतं आणि समजतंही.

उंबऱ्याबाहेर चपला, हात-पाय धुऊन आत. चुलीपाशी जायचं असेल तर विचारून. बरेच जण मोबाइल समोर धरूनच स्वयंपाकघरात शिरतात. भाकरी थापणारी बाई संकोचते, आणि पाहुणा म्हणून नाहीही म्हणत नाही. आधी जेवा, बोला, मग फोटोचं विचारा. बहुतेक वेळा तीच सांगते, "थांबा, पदर नीट घेते."

ताटात टाकू नका. भाकरी जड असते, म्हणून आधी अर्धी घ्या.

अंगणात किंवा रस्त्यावर भात, शेंगा, नाचणी वाळत घातलेली असेल तर त्यावरून चालणं तर सोडाच, पायही ओलांडून नेऊ नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका. एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक गाडीमागे ती पोरं धावतात, घाटरस्त्यावर. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना विचारा काय हवंय.

जुन्या घरांची बांधणी बघायची असेल तर सोपा (पुढची ओसरी), माजघर, परडं (मागचं अंगण) असं घरच्याच माणसाला दाखवायला सांगा. भिंतीचा जांभा कुठून आला, कौलं कधी बदलली, गोठा घरात की बाहेर, असे प्रश्न विचारले की माणूस खुलतो. "तुमचं उत्पन्न किती" हा प्रश्न विचारू नका. तुम्हाला कोणी विचारला तर आवडेल का?

निघताना वाटाड्याचे पैसे त्याच्या हातात, ठरले तेवढे किंवा थोडे जास्त, चारचौघांत मोजून न दाखवता.

८. साडेअकरा ते अडीच: पन्हाळा

दुपार गडावर काढायची ती सावलीसाठी. दगडी इमारती, झाडी, बंद कोठ्या, सगळं इथे आहे. नाक्यावर प्रवासी कराची पावती घ्या आणि जपून ठेवा.

गाडी एकाच ठिकाणी लावा. प्रत्येक ठिकाणापाशी गाडी नेऊन उतरायचं, पाच मिनिटांत चढायचं, यात गडावरचं गाव दिसतच नाही. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत. त्यांच्या आळ्यांमधून चालत जा.

गाइड घ्यायचा तर नाक्यावर पहिला पुढे येईल त्यालाच घेऊ नका. दोन-तीन मिनिटं बोला, काय दाखवणार ते विचारा. अडीच तासांत मला झेपतं ते असं: तीन दरवाजा, त्याला लागून असलेली अंधारबाव (विहिरीची जुनी इमारत), मग अंबरखान्याच्या (धान्यकोठाराच्या) गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या, शेवटी सज्जा कोठी. अंधारबावीत उन्हातून एकदम शिराल तर डोळे सरावायला दोन मिनिटं थांबा. पायऱ्या ओल्या असतात. पुसाटी बुरूज आणि राजदिंडी या बाजूला वेळ असेल तरच.

राजदिंडीतून खाली तुरुकवाडीकडे वाट उतरते, पुढे म्हाळुंगे आणि मसाई. चालणाऱ्यांना ती खुणावते. ती चालायची असेल तर जोतिबा त्या दिवशी सोडा, आणि गाडी दुसऱ्या टोकाला पाठवायची सोय करा. दोन्ही एका दिवसात बसवणारे शेवटी पळत सुटतात.

बुरुजांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. अत्तर फवारून जाऊ नका, खाली धूर करू नका, दगड मारणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे थांबवा. कठड्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. दगड शेकडो वर्षांचे आहेत, त्यांतला कुठला सुटा झालाय हे पाय ठेवल्यावर कळतं.

भूक लागली तर दोनच्या सुमाराला दही किंवा भाजलेलं कणीस. पोट भरून जेवू नका, पुढे घाट आहे.

९. साडेतीन ते सव्वापाच: गिरोलीमार्गे जोतिबा

पन्हाळ्यावरून वाघबीळला उतरून गिरोलीच्या घाटाने जोतिबाच्या डोंगराकडे. अंतर पंधरा किलोमीटरच्या आत आहे, तरी रस्ता वळणांचा असल्यामुळे पाऊण तास धरा. मागच्या सीटवरच्या मुलांना उलटी होत असेल तर ती याच पट्ट्यात. वाटेत एकदा पाच मिनिटं थांबा.

आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी चारला गर्दी ओसरलेली असते. गाडी लावून दुकानांच्या गल्लीतून पायऱ्या उतरत मंदिराकडे जायचं. परत येताना त्याच पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना आधीच सांगा. वरच्या दुकानात चप्पल ठेवली तर त्याच दुकानातून खोबरं, गुलाल, दवणा घ्यावा, ही तिथली रीत आहे.

गुलाल देवाला वाहायचा आहे. उधळताना समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा. दम्याच्या माणसांनी नाकाला ओला रुमाल लावावा. गाभाऱ्यात मोबाइल काढू नका. गुरव सांगतील त्या रांगेने पुढे सरका. कोणी "लवकर दर्शन करून देतो" म्हणून बाजूला बोलावलं तर हात जोडून पुढे चालायला लागा.

दर्शन झालं की लगेच गाडीकडे पळू नका. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. डोंगरमाथ्यावर एवढं दाट वसलेलं गाव, उतारावर एकाखाली एक घरं, ओट्यावर गुलालाचा थर. वाटेत यमाईचं देऊळ आहे, तिथे थांबा. पोहाळ्याची लेणी याच डोंगराच्या पायथ्याला आहेत, पण या दिवसात ती बसवू नका. त्यासाठी वेगळी सकाळ काढा.

*तपासा: सव्वापाचला गाडीत. पाचला एकदा हाक मारा, म्हणजे सव्वापाचला सगळे जमतात.*

१०. उतरताना, आणि घरी पोहोचल्यावर

नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांचा हंगाम. अंधार पडला की केर्ली ते शिवाजी पूल या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवाही नसतो. दिवसभर चालून थकलेला चालक आणि समोर एकदम उगवणारा उसाचा ढीग. अपघात असेच होतात. म्हणून सव्वापाच म्हणजे सव्वापाच. उजेडात खाली या, ओव्हरटेक करू नका, उशीर झाला तर होऊ द्या.

याच हंगामात रस्त्याकडेला गुऱ्हाळं चालू दिसली आणि उजेड शिल्लक असला तर थांबायला हरकत नाही. गुळव्याला विचारून आत जा. आदण (कढईतला शिजलेला रस) उतरायची वेळ असेल तर लांबच उभे राहा, उकळता रस अंगावर उडाला तर कातडं सोलून निघतं. मुलांचा हात सोडायचा नाही. चुलवाणाच्या (कढईखालच्या भट्टीच्या) तोंडाकडे तर अजिबात नाही. काकवी घ्यायची असेल तर झाकणाची बाटली घरून आणा.

गुलालाचे कपडे बाकीच्यांत मिसळू नका. आधी कोरडेच झटका, मग गार पाण्यात. गरम पाण्याने रंग पक्का बसतो.

गावात ज्यांचे फोटो काढलेत त्यांना ते पाठवा. पाठवतो म्हणून कितीतरी लोक जातात, आणि मावशी महिनाभर मुलाला विचारत राहतात, "आलं का रं काय?" आणि वाटाड्याला पोहोचल्याचा फोन करा. रात्री आठनंतर, त्याच्या धारा झाल्यावर.